लिहिलेले परत वाचून दाखवण्याविषयी

रोवणीचे दिवस आले की आमच्या वर्गातील निम्मी बाके रिकामी होतात. लाखांदूर तालुक्यातील दिघोरी आणि भोवतालच्या गावांतून शिकायला येणाऱ्या मुली त्या काळात बांध्यांत असतात. पऱ्हे उपटणे, जुड्या बांधणे, चिखलात वाकून दिवसभर रोवत मागे सरकणे, हे काम आई-मावशीच्या बरोबरीने त्याही करतात. गेल्या पावसाळ्यात अशाच एका विद्यार्थिनीला आम्ही ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून ह्यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ ह्या ग्रंथातील काही मुलाखती वाचायला दिल्या होत्या. परीक्षेपुरते वाचून ती पुस्तक परत करील अशी आमची अपेक्षा होती. तिने मात्र रात्री घरी ते मोठ्याने वाचले, आणि तिच्या आईने ऐकून घेतल्यावर एकच प्रश्न विचारला : “मंग हे लिवलेलं त्या बायांले वाचून दाखवलं का?”

मुलीने तो प्रश्न वर्गात आणला. आम्ही उत्तर देण्याऐवजी संशोधनपद्धतीविषयी काहीबाही बोलून वेळ मारून नेली. प्रस्तुत लेख हे त्या टाळलेल्या उत्तराचे ऋण फेडण्याचा एक प्रयत्न आहे. ह्या प्रश्नात मराठीतील स्त्रीवादी ज्ञानव्यवहाराची एक कसोटीच दडलेली आहे असे आम्हांला वाटते. जिच्या आयुष्यातून ज्ञान निर्माण झाले तिच्यापर्यंत ते परत जाते का? गेले, तर तिला त्यात दुरुस्ती करण्याचा अधिकार असतो का?

प्रथम त्या ग्रंथाविषयी. १९८९ साली तो प्रसिद्ध झाला तेव्हा स्त्री-अभ्यास ही विद्याशाखा महाराष्ट्रात नवीच होती. एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठातील स्त्री-संशोधन केंद्र १९७४ मध्ये, तर पुणे विद्यापीठातील केंद्र १९८७ मध्ये सुरू झाले होते. परंतु आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा इतिहास लिहिण्याचे काम ह्या केंद्रांनी हाती घेतले नाही. ते घेतले दोन कार्यकर्त्या लेखिकांनी. त्यांनी वृद्ध कार्यकर्त्या शोधून काढल्या, जुनी नियतकालिके चाळली, आणि पूर्वार्धात इतिहास व उत्तरार्धात मुलाखतींवर आधारलेली चरित्रे अशी मांडणी केली. चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी स्त्रिया वगळल्या होत्या आणि स्त्रीमुक्तीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी दलित स्त्रिया वगळल्या होत्या. ही दुहेरी गाळणूक ह्या ग्रंथाने उघडी केली. पुढे २००८ साली वंदना सोनाळकरांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि आज तो देशोदेशींच्या अभ्यासक्रमांत आहे.

ह्या प्रवासाची दिशा ध्यानात घ्यावी. आपल्याकडे सर्वसाधारण समजूत अशी की विचार विद्यापीठात जन्मतो आणि मग कार्यकर्ते तो गावोगाव नेतात. येथे नेमके उलटे घडले. विचार वस्तीत जन्मला, कार्यकर्त्यांनी तो लिहिला, आणि विद्यापीठ कितीतरी उशिरा त्याच्यापाशी पोहोचले.

विदर्भातील वाचकाला तर ह्या इतिहासाचे पुरावे शोधायला दूर जावे लागत नाही. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या आणि सुमारे पंचवीस हजार स्त्रिया जमल्या होत्या असे नमूद आहे. त्या परिषदेने घटस्फोटाच्या अधिकाराचा आणि बहुपत्नीत्वबंदीचा ठराव केला. गिरण्या, विड्यांचे कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे येथे राबणाऱ्या स्त्रियांच्या कामाच्या अटींविषयीही मागण्या केल्या. विवाह आणि मजुरी हे दोन प्रश्न एका मांडवाखाली एकत्र मांडण्याइतकी वैचारिक स्पष्टता त्या स्त्रियांपाशी होती. आज ज्याला आपण जात, वर्ग आणि लिंगभाव ह्यांची परस्परगुंतागुंत म्हणतो आणि ज्यावर शोधनिबंध लिहितो, ती त्यांनी ठरावांच्या भाषेत आधीच मांडून ठेवली होती. नागपूरच्या गिरणीत काम करता करता कामगारांच्या पुढारी झालेल्या राधाबाई कांबळे किंवा ओझी वाहून पोट भरता भरता शिकलेल्या आणि पुढे मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढणाऱ्या जाईबाई चौधरी ह्यांची नावे आमच्या विद्यार्थ्यांना त्या ग्रंथामुळेच कळतात. आमच्या जिल्ह्यात तेंदूपानावर विड्या वळणाऱ्या बायांच्या पिढ्या गेल्या. त्यांच्या नातींना १९४२चा तो ठराव ठाऊक नसावा, ह्यात दोष त्या नातींचा नाही. शिकवणाऱ्यांचा आहे, म्हणजे आमचा आहे.

दुसरे उदाहरण फलटणचे. बेबीताई कांबळे ह्यांनी घरच्यांच्या नजरेआड, दुकानात बसल्या बसल्या, वर्षानुवर्षे लिहून ठेवलेले ‘जिणं आमुचं’ १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ साली त्याचे पुस्तक झाले. ते प्रसिद्ध व्हावे म्हणून आग्रह धरला तो फलटणमध्येच स्थायिक होऊन शिक्षणाचे काम करणाऱ्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन ह्यांनी. अभ्यासक आणि लेखिका एकाच गावात राहत होत्या, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. अभ्यासकाला उद्या पुन्हा त्याच गल्लीतून जायचे असते तेव्हा त्याच्या लेखणीला आपोआप एक जबाबदारी चिकटते.

ह्या आणि अशा लेखनाला सैद्धांतिक वजन मिळवून दिले ते शर्मिला रेगे ह्यांनी. १९९८ मधील त्यांचा गाजलेला निबंध आणि २००६ मधील दलित स्त्रियांच्या कथनांवरील ग्रंथ ह्यांनी दलित स्त्रीवादी भूमिदृष्टीची मांडणी केली. ही कथने एका व्यक्तीची आत्मचरित्रे म्हणून वाचू नयेत. ती समूहाची साक्ष म्हणून वाचावीत, हा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी त्यांनी लॅटिन अमेरिकेतील साक्षकथनांची संकल्पना वापरली. २०१३ मध्ये त्या अकाली गेल्या. पुणे विद्यापीठातील केंद्रात असताना मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी मराठीत पाठ्यसाहित्य तयार व्हावे म्हणून त्यांनी केलेली धडपड त्यांच्या इंग्रजी ग्रंथांइतकीच मोलाची होती.

पण आमच्या मराठी विभागांत ह्या सर्वाचे काय होते? ‘जिणं आमुचं’ अभ्यासक्रमात येते ते ‘दलित आत्मकथन’ ह्या वाङ्मयप्रकाराचा नमुना म्हणून. प्रश्न विचारला जातो तो भाषाशैलीच्या वैशिष्ट्यांवर, नाहीतर लेखिकेच्या व्यक्तिमत्त्वाच्या जडणघडणीवर. साक्ष दिली गेली होती अन्यायाविषयी, आणि आपण गुण देतो ते बोलीच्या गोडव्याला. ज्या पुस्तकाने समाजाला जबाब विचारला त्याच्यावर आपण टिपा लिहून घेतो. स्त्रीवादी समीक्षेचा तास मग आणखीच निराळा. तेथे पाश्चात्त्य विदुषींची नावे सनावळीसह पाठ करायची असतात, आणि त्यांचा नागपूरच्या परिषदेशी किंवा फलटणच्या दुकानाशी काही संबंध असू शकतो ह्याची शंकाही विद्यार्थ्याला येत नाही.

ह्या तुटलेपणाची किंमत केवळ शैक्षणिक असती तर आम्ही हा लेख लिहिला नसता. ती किंमत आमच्या जिल्ह्याने पाहिली आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी प्रियंका आणि मुलगे रोशन व सुधीर ह्यांची जमावाने हत्या केली. सुरेखाबाई स्वतःची शेती कसत होत्या, मुलांना शिकवत होत्या, आणि मारहाणीच्या एका प्रकरणात साक्षीदार म्हणून उभ्या राहिल्या होत्या. जमीन राखणारी, शिकू पाहणारी आणि साक्ष देणारी दलित स्त्री हे ह्या प्रकरणाचे मर्म होते. परंतु सुरुवातीच्या बातम्यांत ते आले नाही. आला तो ‘अनैतिक संबंधां’चा प्रवाद. पीडित स्त्रीच्या चारित्र्याची चर्चा प्रथम आणि तिच्या जमिनीची, जातीची, साक्षीची चर्चा नंतर, असा क्रम लागला. सत्यशोधनासाठी गेलेल्या कार्यकर्त्यांनी आणि नोव्हेंबरमध्ये विदर्भभर रस्त्यावर उतरलेल्या लोकांनी, त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या, हा क्रम बदलायला भाग पाडले. सप्टेंबर २००८ मध्ये भंडारा येथील न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवून सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली, आणि २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलली. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हा मात्र दोन्ही न्यायालयांत सिद्ध मानला गेला नाही. जात आणि स्त्रीत्व ह्यांच्यावर एकाच वेळी होणाऱ्या हिंसेला कायद्याच्या चौकटीत नाव मिळाले नाही.

रेगे ह्यांचा ग्रंथ त्याच वर्षीचा, हा केवळ योगायोग. पण त्या योगायोगाने आम्ही अस्वस्थ होतो. जी हिंसा समजून घ्यायला शब्द हवे होते, ते शब्द तयार होते. फक्त ते इंग्रजीत होते आणि पुण्या-दिल्लीच्या ग्रंथालयांत होते. इकडे रस्त्यावर उतरलेल्या बायांना तो सिद्धांत जगण्यातून ठाऊक होता, पण बातमीदाराला किंवा पोलीस चौकीतल्या माणसाला ऐकू जाईल अशा भाषेत तो मांडून देणारे मधले कोणी नव्हते. हे मधले काम जिल्ह्याच्या गावी भाषा आणि साहित्य शिकवणाऱ्यांचे होते. मराठीच्या पदव्या घेऊन बाहेर पडलेले आमचेच विद्यार्थी वृत्तपत्रांच्या तालुका प्रतिनिधींत असतात. त्यांना ‘अनैतिक संबंध’ हा शब्दप्रयोग संशयाने वाचायला आम्ही कधी शिकवले होते?

विद्यापीठ आणि वस्ती ह्यांच्यातील ही दरी आपल्यापुरतीच आहे असे नाही. कॅरिबियन बेटांवरील आणि गयानातील स्त्रीवाद्यांनी ती फार पूर्वी ओळखली, आणि त्यांचे यशापयश दोन्ही आपल्याला उपयोगी पडण्यासारखे आहे. जमैकातील किंग्स्टन येथे १९७७ मध्ये ‘सिस्ट्रेन’ हा नाट्यगट उभा राहिला. सरकारी रोजगार योजनेत काम करणाऱ्या, बहुतांशी गरीब वस्त्यांतील स्त्रिया त्यात होत्या आणि नाट्यशाळेत शिकवणाऱ्या ऑनर फोर्ड-स्मिथ त्यांच्यासोबत होत्या. ह्या स्त्रियांनी स्वतःच्या आयुष्यातील प्रसंगांवरून नाटके रचली आणि १९८६ मध्ये आपल्या जीवनकथांचा एक संग्रह काढला. त्यातील बहुतेक कथा प्रमाण इंग्रजीत नाहीत. त्या जमैकाच्या बोलीत आहेत. ज्या भाषेला शाळेत अशुद्ध म्हणून छडी मिळत होती ती भाषा छापली गेली. आमच्या झाडीबोलीविषयी ज्यांना आस्था आहे त्यांना ह्या घटनेचा अर्थ वेगळा सांगायला नको.

त्याच वर्षी गयानामध्ये ‘रेड थ्रेड’ ही संघटना निघाली. आर्थिक अरिष्टाने घर चालवणे अशक्य झालेल्या काळात भरतकामातून चार पैसे मिळवणे हा तिचा आरंभ होता, आणि नावातला लाल धागाही तोच. आंडाय्ये आणि त्यांच्या सहकारी डाव्या राजकारणातून आलेल्या होत्या. आफ्रिकी वंशाच्या, भारतीय वंशाच्या आणि आदिवासी स्त्रियांना त्यांनी एकत्र आणले. भारतीय वंशाच्या म्हणजे मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून नेलेल्यांच्या पणती-खापरपणती. पुढे ह्या संघटनेतील सामान्य स्त्रियांनीच प्रश्नावल्या हाती घेऊन सर्वेक्षणे केली आणि बिनमोबदला घरकामाचे तास मोजले. जिच्याविषयी अभ्यास व्हायचा तीच अभ्यासक झाली. २०१९ मध्ये आंडाय्ये निवर्तल्या, आणि त्यांच्या लेखांचा संग्रह विद्यापीठीय अभ्यासक अलिसा ट्रॉट्झ ह्यांनी संपादून २०२० मध्ये प्रसिद्ध केला. तेथेही सर्व गोमटे नव्हते. सिस्ट्रेनमध्ये शिकलेल्या गोऱ्या-निमगोऱ्या स्त्रिया आणि कष्टकरी काळ्या स्त्रिया ह्यांच्यात निर्णयाचा अधिकार कोणाकडे ह्यावरून ताण होते, परदेशी निधीच्या अटींनी कामाची दिशा बदलली, आणि हे सारे फोर्ड-स्मिथ ह्यांनी स्वतःच लिहून ठेवले. अशी आत्मपरीक्षा छापण्याचे धैर्य आपल्याकडील किती प्रकल्पांनी दाखवले आहे?

आपल्याकडे अशी कामे झालीच नाहीत असे म्हणणे मात्र कृतघ्नपणाचे ठरेल. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ ह्यांनी पुण्याजवळच्या डोंगरी भागातील गरीब डोंगरी संघटनेच्या स्त्रियांसह जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या, आणि त्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आल्या. ओवी गोळा करणाऱ्या बहुतेक जणी स्वतः ओवी गाणाऱ्या होत्या. गेल ऑम्व्हेट ह्यांनी कासेगावात घर केले आणि परित्यक्तांच्या चळवळीत सासूबाई इंदुताई पाटणकर ह्यांच्या बरोबरीने भाग घेतला. त्यांचे संशोधन आणि त्यांचे मोर्चे वेगळे काढून दाखवणे अवघड आहे. आमच्या नागपुरात रूपाताई कुलकर्णी-बोधी ह्यांनी संस्कृतचे अध्यापन करता करता मोलकरणींची संघटना बांधली. २००८ मध्ये महाराष्ट्रात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला तो अशा संघटनांच्या दीर्घ लढ्यामुळे. संस्कृतच्याच दुसऱ्या प्राध्यापिका कुमुद पावडे ह्यांनी १९८१ च्या ‘अंतःस्फोट’मधून ज्ञानाच्या मक्तेदारीचा प्रश्न उभा केला आणि दलित स्त्रियांच्या संघटनेतही काम केले. हे अपवाद आहेत, आणि ते आमच्या डोळ्यांसमोर घडलेले असल्यामुळे आम्हांला सबबी सांगायला फारशी जागा उरत नाही.

तरीही एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांना वाचून दाखवण्याची अट घातली तर अभ्यासकाचे स्वातंत्र्य काय राहील? चळवळीला न रुचणारे सत्य तो कसे सांगेल? अभ्यासाला अंतर लागते, हे आम्ही मान्य करतो. मात्र दूर उभे राहणे वेगळे आणि पुन्हा न फिरकणे वेगळे. वाचून दाखवणे म्हणजे परवानगी मागणे नव्हे. ऐकणारी म्हणेल की हे असे नव्हते. अभ्यासकाने तिचे म्हणणे नोंदवावे आणि आपले मत बदलले नाही तर तेही लिहावे. पवार-मून ह्यांचा ग्रंथ चळवळीच्या आतून लिहिलेला आहे आणि तरीही त्याने चळवळीतील पुरुषांना अडचणीचे प्रश्न विचारले. जवळीक असली की टीका बोथट होते, हा नियम नाही.

दुसरा आक्षेप इंग्रजीचा. इंग्रजीत लिहिले नसते तर बेबीताई जगापुढे गेल्या असत्या का? नसत्या, आणि म्हणून माया पंडित, वंदना सोनाळकर ह्यांच्यासारख्या भाषांतरकारांचे आणि रेगे ह्यांचे उपकार मोठे आहेत. आमची तक्रार इंग्रजीत जाण्याविषयी नाही. गेलेले परत येत नाही ह्याविषयी आहे. दलित स्त्रियांच्या मराठी पुस्तकांवर इंग्रजीत जे विचारधन साठले आहे, त्यातील फार थोडे आमच्या बी.ए.च्या मुलींना मराठीत वाचायला मिळते. मुद्दल येथले, व्याज मात्र तिकडेच जमा.

मग करायचे काय? मोठमोठ्या योजना सुचवण्याची आमची पात्रता नाही. आमच्यासारख्या ग्रामीण महाविद्यालयांतील मराठी विभागांना झेपेल असे एक काम सुचते. धानाची कापणी-मळणी आटोपली की गावात संध्याकाळी थोडी उसंत असते. विद्यार्थिनींनी अभ्यासक्रमातील एखादे प्रकरण आपल्या गावात, आपल्या आयाबायांसमोर वाचावे, आणि त्या काय म्हणाल्या ते त्यांच्याच बोलीत लिहून आणावे. त्या लेखनाला गुण द्यावेत, आणि ते विभागात जपून ठेवून पुढच्या तुकडीच्या हाती द्यावे. ‘भाषाशैलीची वैशिष्ट्ये’ हा प्रश्न वाटल्यास त्यानंतर विचारावा.

ह्या कामाला घाई आहे. १९५४ मध्ये बाबासाहेब भंडाऱ्याची पोटनिवडणूक लढले आणि हरले. १९५६ मध्ये ह्याच गावांतून लोक नागपूरला दीक्षेसाठी गेले. त्या प्रचारात आणि त्या वाटेवर ज्या पोरीबाळी होत्या त्यांपैकी आज हयात असलेल्यांनी ऐंशी ओलांडली आहे. पवार आणि मून ह्यांनी १९४२च्या पिढीला अगदी वेळेवर गाठले. पुढच्या पिढीसाठी तसे कोणी निघाले नाही तर ती संधी पुन्हा येणार नाही.

शेवटी एक कबुली. ह्या लेखभर आम्ही ‘आम्ही’ असे म्हणत आलो. ते ‘आम्ही’ पगारदार शिक्षकांचे आहे. ज्या ग्रंथापासून सुरुवात केली त्याच्या शीर्षकातील ‘आम्ही’ आणि बेबीताईंच्या शीर्षकातील ‘आमुचं’ हे सर्वनाम कष्टाने कमावलेले आहे. आमचे केवळ लेखनाच्या रीतीने आलेले. दोन्ही एक आहेत असे भासवण्याचा अधिकार आम्हांला नाही. म्हणून हा लेख येथे प्रसिद्ध होण्यापूर्वी त्या विद्यार्थिनीने तो घरी वाचून दाखवला. आईचे म्हणणे थोडक्यात होते : रोवणीचे आम्ही वर जे वर्णन केले आहे त्यात मजुरीचा दर नाही, आणि पुरुषाची मजुरी बाईपेक्षा जास्त असते हेही नाही. वर्णन आम्ही मुद्दाम बदललेले नाही. तिची दुरुस्ती मात्र ही येथे नोंदवली आहे.